गाण्याची खिरापत

पत्र : ताई, मी पारोळ्याचा. वय २९, पतसंस्थेत नोकरी. शाळेपासूनचे आम्ही सहा मित्र. एक शेती करतो, एक सुरतला आहे, एक एसटीत चालक आहे, बाकीचे इथेच. मला नवी गाणी शोधून ऐकायचा नाद आहे. इंडी बँड, ठिकठिकाणचं लोकसंगीत, बाहेरच्या देशांतलंही. दर शुक्रवारी नव्याने आलेल्यांतली दहा-बारा गाणी मी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. तीन वर्षं झाली, अंगठ्याच्या चित्रापलीकडे उत्तर नाही. परवा एकाने लिहिलं, 'तुन्या लिंका बंद कर भो.' बाकीचे हसले. फार लागलं. ह्यांना डीजेवरच्या अहिराणी गाण्यांशिवाय काही ऐकायचंच नाही का? वडील गझल सोडून दुसरं लावू देत नाहीत. आजीला गुलाबाईची पुष्कळ गाणी येतात, पण ती काही नवीन नाहीत. एकट्याने ऐकण्यात आता मजा येत नाही. गाणी सुचवणं सोडून देऊ का?

उत्तर :

भाऊ, तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना 'एकट्याने ऐकण्यात आता मजा येत नाही' या वाक्यापाशी थांबले. दुखणं तिथे आहे. लिंका हे त्यावर तू शोधलेलं औषध होतं आणि ते लागू पडलं नाही. तेव्हा गाणी सुचवणं सोडू नकोस. लिंका टाकणं मात्र या शुक्रवारपासून थांबव.

जरा हिशेब करून बघ. आठवड्याला दहा धरली तरी तीन वर्षांत दीड हजारांवर गाणी झाली. तुझा शेतकरी मित्र रात्रीच्या विजेवर पाणी भरून घरी येतो, फोन उघडतो आणि समोर बारा अनोळखी नावं असतात. त्यातलं कुठलं आधी ऐकायचं, का ऐकायचं, काहीच लिहिलेलं नसतं. तो बिचारा अंगठा टाकतो आणि झोपतो. यात त्याच्या कानाचा काही दोष नाही.

माझ्या हातूनही हे झालेलं आहे. राजस्थानच्या मांगणियारांची, म्हणजे तिथल्या पिढीजात गवयांची, गाणी पहिल्यांदा मिळाली तेव्हा मी भुसावळच्या बहिणीला दोनशे गाणी पेन ड्राइव्हमध्ये भरून दिली. दोन वर्षं तो तिच्या शोकेसमध्ये पडून होता. मग एका उन्हाळ्यात तिच्या गच्चीवर बिबडे थापत बसलो होतो, तेव्हा मी फोनवर साकर खान यांचा कमायचा, म्हणजे गजाने वाजवायचं तंतुवाद्य, लावला. एकच तुकडा. तो संपेपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ''पुन्हा लाव.'' कोण वाजवतंय, हे तिने त्यानंतर विचारलं. मी सांगितलं, जैसलमेरजवळच्या हमीरा गावचे, २०१२ साली पद्मश्री मिळालेले, आणि हे ध्वनिमुद्रण त्यांच्या राहत्या घरी केलंय. दिल्लीची अमररास रेकॉर्ड्स ही छोटी कंपनी यंत्रं घेऊन त्यांच्या दारात गेली होती. ''म्हणजे घरातलंच वाजवणं आहे होय,'' असं म्हणून तिने त्याच संध्याकाळी शोकेसमधला पेन ड्राइव्ह शोधून काढला. दोनशे गाण्यांनी दोन वर्षांत जे झालं नाही, ते पीठ लागलेल्या हातांनी एकत्र ऐकलेल्या एका तुकड्याने झालं.

आता तुझ्या आजीकडे वळते, कारण हे कसं करायचं ते तिला माहीत आहे. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत गुलाबाई बसते. पोरी घरोघर जातात, गाणी म्हणतात, आणि शेवटी खिरापत येते ती झाकलेल्या डब्यात. डबा हलवून बघायचा, आवाजावरून, वासावरून ओळखायचं. गोड की तिखट? ओली की कोरडी? ओळखेपर्यंत सगळ्यांचा जीव त्या डब्यात. तिथे कुणी बारा डबे उघडून रांगेत मांडत नाही.

गाणं असंच न्यावं. एकच, झाकलेलं, आणि समोरच्याला ओळखता येईल एवढी खूण देऊन. 'भारी आहे, ऐकाच' ही खूण होत नाही, ती तर प्रत्येक लिंकेखाली असते. आपल्या आवाजात वीस सेकंदांचा निरोप पाठव : 'हे तुझ्यासाठी आहे. दुसऱ्या मिनिटाला जो ढोल येतो तो ऐक आणि सांग, आपल्याकडे असा कुठे वाजतो.' अमीन सयानी १९५२ पासून बिनाका गीतमाला सादर करत, तेव्हा गाण्याआधीच्या त्यांच्या दोन-चार वाक्यांसाठी लोक रेडिओ जवळ ओढून बसायचे. गाणी तर पुष्कळांनी आधी ऐकलेली असायची.

अहिराणी गाण्यांबद्दल तू जे लिहिलंस, तिथे मात्र मी तुझ्याशी भांडणार आहे. तू 'इंडी' म्हणतोस म्हणजे काय? मोठ्या कंपनीच्या दाराशी न जाता स्वतः लिहिलेलं, स्वतः गायलेलं, स्वतःच्या खर्चाने लोकांपुढे आणलेलं संगीत. मग 'हाई झुमका वाली पोर' दुसरं काय आहे? इथलेच गायक, इथलेच नाचणारे, इथल्याच शेताशिवारात चित्रण, यूट्यूबवर आपल्याच चॅनेलवरून प्रसिद्धी. अहिराणीचं एक अक्षर न येणारी माणसं महाराष्ट्रभर त्यावर नाचली. २०११ च्या जनगणनेत खानदेशी मातृभाषा सांगणारे अठरा लाखांच्या वर होते; एवढ्या लोकांच्या भाषेला सिनेमाने आणि मोठ्या कंपन्यांनी क्वचितच विचारलं. हे काम या पोरांनी केलं. त्यातली काही गाणी उथळ आहेत, मान्य. पण दिल्ली-बंगळुरूच्या इंडीतलीही पुष्कळ उथळ असतात, ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. तुझ्या मित्रांनी तुझ्याआधी इंडी ऐकायला सुरुवात केली, असं धरून चाल. मग बोलण्याचा सूर आपोआप बदलेल.

आणि त्यांना लांब, संथ गाणी झेपत नाहीत, असं मनात असेल तर तेही काढून टाक. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, तेव्हा रात्रभर गाणी म्हणत जागणारी आपलीच माणसं ना? वहीगायनाला पहाटेपर्यंत बसणारी? एकच चाल तासभर फिरत राहिली तरी न कंटाळणारे कान या मातीत तयारच आहेत. फक्त ते रात्रीचे कान आहेत, सोबतीचे कान आहेत. दुपारी तीनला, ऑफिसात, कानात इअरफोनचं बोंड घालून ते उघडत नाहीत.

म्हणून एसटीवाल्या मित्रापासून सुरुवात कर. त्याच्या वाट्याला मुक्कामी गाडी येत असणार. गावात गाडी लावली, जेवण झालं, सगळीकडे सामसूम, आणि पहाटेपर्यंत करायला काही नाही. त्या वेळेसाठी डब्लिनच्या लँकम या चौघांच्या बँडचा २०२३ चा 'फॉल्स लँकम' हा अल्बम आहे. त्यातलं पहिलं गाणं, 'गो डिग माय ग्रेव्ह', जवळपास नऊ मिनिटांचं आहे. जुनंच लोकगीत, आधी एका बाईचा उघडा आवाज, मग खालून हळूहळू एक जड घरघर चढत जाते. शब्द कळले नाहीत तरी मरणाघरी बायका कशा रडतात ते ज्याने ऐकलंय त्याला ते कळतं. ते फारच काळं वाटलं तर अमेरिकेच्या गिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज यांचा २०२४ चा 'वुडलँड' दे. दोन आवाज, दोन गिटारी, काही गाण्यांना जादा साथ. मार्च २०२० मध्ये तिकडच्या नॅशव्हिल शहरात टोर्नाडो, म्हणजे भोवऱ्यासारखं वादळ, आलं, त्यात यांच्या वुडलँड स्टुडिओचं छप्पर गेलं. रात्रभर पावसात त्यांनी आपल्या ध्वनिफिती बाहेर काढल्या. पुढे तो स्टुडिओ पुन्हा उभा केला आणि अल्बमला त्याचंच नाव दिलं. ज्याच्या घराचे पत्रे वादळात उडाले असतील त्याला ही गोष्ट गाण्याआधी सांग.

शेतीवाल्या मित्रासाठी नायजरचा एमडू मॉक्टार. वाळवंटातला तुआरेग माणूस, तमाशेक भाषेत गातो. घरच्यांनी गिटार घेऊ दिली नाही म्हणून त्याने पहिली गिटार स्वतः बनवली, आणि तारा म्हणून सायकलच्या ब्रेकच्या तारा लावल्या. पुढचा भाग तुम्हा सगळ्यांना ओळखीचा वाटेल. सहाराच्या त्या पट्ट्यात इंटरनेट नव्हतं, तेव्हा गाणी मोबाइलच्या मेमरी कार्डवरून हातोहात फिरत. त्याचं गाणं असंच या फोनमधून त्या फोनमध्ये देशोदेशी गेलं. एका अमेरिकन संग्राहकाने अशी फोनमधली गाणी गोळा करून 'म्युझिक फ्रॉम सहारन सेलफोन्स' नावाने प्रसिद्ध केली, तेव्हा बाकीच्या जगाला त्याचा पत्ता लागला. आपल्याकडे बसस्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात कार्ड भरून घ्यायचे ते दिवस आठवतात ना? तुमच्या पिढीने अहिराणी गाणी पहिल्यांदा तशीच ऐकली. मॉक्टारचा २०२४ चा 'फ्युनरल फॉर जस्टिस' हा अल्बम संतापलेला आहे, गिटार पेटलेली आहे. ट्रॅक्टरवर मोठ्याने लावावा असा.

सुरतच्या मित्राला मात्र काही सुचवू नकोस, त्याला विचार. कोक स्टुडिओ भारतने २०२४ मध्ये 'मीठा खारा' हे गुजराती गाणं आणलं. कच्छच्या छोट्या रणात मीठ पिकवणाऱ्या अगरिया लोकांवरचं. गायक आदित्य गढवी त्यात आहे. त्याचंच २०२३ चं 'खलासी' मित्राने सुरतच्या नवरात्रात शंभरदा ऐकलं असेल. त्याला लिही, 'तुला गुजराती येतं, मला येत नाही. यातले शब्द समजावून सांग.' तो आपल्या आवाजात पाच मिनिटं बोलेल, बघ. आणि त्याचं बोलणं ऐकून बाकीचे चौघं ते गाणं लावतील. तू तीन वर्षं ज्याची वाट बघतोयस ते हेच.

उरलेल्या दोघांबद्दल तू पत्रात काही लिहिलं नाहीस. त्यांना आधी भेट. गेल्या महिन्यात कुठलं गाणं दोनदा लावलं, एवढंच विचार आणि ते ऐक, पूर्ण. मगच पुढचं. कुणी रॅप ऐकत असेल तर अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरचं वऱ्हाडी रॅप आहे. कुणी वारकऱ्याच्या घरातला असेल तर मुंबईच्या 'अभंग रिपोस्ट'चे गिटार-ड्रमवरचे अभंग, आणि ते पचले की गणव्याचा २०२४ चा 'डॉटर ऑफ अ टेंपल'. ही तमिळ गायिका लहानपणी तीर्थयात्रांच्या वाटेवर हरिकथा आणि वारकरी अभंग शिकत वाढली. तिचा आवाज अगदी हळू आहे, कान द्यावा लागतो.

वडिलांशी वाद घालू नकोस. मेहदी हसन ऐकणाऱ्या माणसाला 'मोहब्बत करने वाले कम न होंगे' पाठ असणारच. हफीज होशियारपुरींची तीच गझल गायिका अरूज आफताबने २०२१ च्या 'व्हल्चर प्रिन्स' या अल्बममध्ये गायली आहे, आणि त्या गाण्याला २०२२ मध्ये ग्रॅमी मिळालं. तबला नाही, हार्मोनियम नाही, ठेका अगदी हलका. पुरस्काराचं आधी सांगू नकोस. ''बाबा, ही चाल कुठे बदललीय ते मला सांगा,'' म्हण. ते आधी नाक मुरडतील, मूळ गझल लावून दाखवतील, दोन्हींतला फरक सांगत बसतील. बसू दे. तासभर बापलेक एका गझलेवर बोललात तर आणखी काय हवं? जमलं तर तिचाच २०२४ चा 'नाइट रेन' पुढच्या महिन्यात.

आणि आता आजी. तिची गाणी 'काही नवीन नाहीत' असं तू लिहिलंस. तुझ्या पाचही मित्रांनी, वडिलांनी, मी, तुझ्या आजीच्या तोंडून ती कधी ऐकली आहेत? आमच्यासाठी ती पूर्ण नवी आहेत. २०२१ मध्ये 'एन्जॉय एन्जामी' हे तमिळ गाणं सगळीकडे वाजत होतं, तूही तेव्हा लिंक टाकली असशील. ते लिहिणाऱ्या अरिवूने त्यात आपल्या आजीची, चहाच्या मळ्यात राबून हाती जमीन न आलेल्या वळ्ळीअम्मालची, गोष्ट आणली, आणि मेलेल्या माणसासाठी बायका गातात त्या ओप्पारीचा सूर घेतला. बहिणाबाईंचं तर आपल्याला घरातलंच उदाहरण. आसोद्याची लेक, अक्षरओळख नाही, घरात-शेतात काम करताना म्हणायच्या. मुलाने, सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी टिपून ठेवलं म्हणून १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर, पुस्तक निघालं. शब्द राहिले. पण त्यांची स्वतःची चाल, त्यांचा आवाज आपल्यापाशी नाही. मला ही गोष्ट अजून सलते.

तुझ्या खिशात ध्वनिमुद्रक आहे. आजीला आधी विचार, की तुझी गाणी टिपून ठेवू का आणि मित्रांना ऐकवू का. ती नाही म्हणाली तर फक्त घरापुरती ठेव. हो म्हणाली तर दुपारी पंखा बंद कर, फोन विमान मोडवर टाक, जमिनीवर घडी केलेल्या गोधडीवर तिच्यापासून हातभर अंतरावर ठेव. ती टिपऱ्या वाजवत असेल तर वाजवू दे, मध्ये थांबवू नकोस, चुकली तरी पुढे जाऊ दे. सुरुवातीला तिने स्वतःचं नाव, माहेर, गाणं कुणाकडून शिकली ते सांगावं. त्याच दिवशी तिच्याशेजारी बसून शब्द उतरव. आपल्याला न कळणारा शब्द तिथेच विचारायचा, नंतर तो हरवतो. मित्रांना पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर आवाजाचा चोथा होतो. एक प्रत घरच्या संगणकावर, एक दुसऱ्या कुणाकडे.

याचं मोठं रूप बघायचं असेल तर पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावरच्या जात्यावरच्या ओव्या ऐक. हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, पुष्कळशा पुणे जिल्ह्यातल्या. २०१७ पासून त्या तिथे शब्दांसह येत आहेत. मागे जात्याची घरघर, मध्येच कोंबडा आरवतो. खानदेशातली गुलाबाई, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावरची गाणी, कानबाईची गाणी अशी कुणी सगळी गोळा केलेली माझ्या पाहण्यात नाहीत. तुझ्या आजीची वीस झाली तरी ती वीस झाली.

पैशाचं थोडक्यात सांगते. तुला आवडलेल्या बाहेरच्या कलाकारांचं एखादं गाणं बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या संकेतस्थळावरून विकत घे. तिथे डिजिटल विक्रीतले १५ टक्के कंपनी ठेवते, आणि २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी तेही सोडते. वर्षाला दोन अल्बम घेतलेस तरी पुरे. आणि लग्नाच्या हळदीला इथल्या गायकाला बोलावलंत तर त्याची बिदागी वेळेवर द्या.

हिवाळा तोंडावर आला आहे. वांगी निघाली की शेतीवाल्या मित्राच्या मळ्यात भरीत ठरव. सुरतवाला भुसावळच्या गाडीने येईल, एसटीवाल्याच्या सुट्टीचा दिवस धरा. काड्यांवर वांगी भाजायला लागतात तेवढ्या वेळात एक गाणं लाव. मी तरी इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडचं 'मा रेवा' लावेन. गाणं २००० साली आलेल्या 'कंदिसा' या अल्बमातलं आहे, म्हणून नव्यांच्या यादीत बसत नाही. पण त्यातली नर्मदा आपल्या नंदुरबारच्या उत्तरेची आहे, आणि त्यांचा राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात काम करताना नदीकाठी हे ऐकत आला. सरदार सरोवराच्या पाण्यात गेलेल्या मणिबेलीचं नाव तुमच्यापैकी कुणी ना कुणी ऐकलेलं असेल, त्यावरून बोलणं निघेल. कळण्याच्या भाकरीबरोबर दुसरं गाणं आजीचं, तिने परवानगी दिली असेल तर.

तिसरं तू लावू नकोस, स्पीकर मध्ये ठेव. कुणीतरी आपला फोन जोडेल, बहुधा डीजेवरचंच अहिराणी लावेल. ते शेवटपर्यंत ऐक, नाचावंसं वाटलं तर नाच, आणि कोणतं होतं ते मला कळव. मलाही ऐकायचं आहे.